लघवीचे कॅन किती आहेत?

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पालघर

विषय : अणुआपत्तीत माणसाच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सारी द्रव्य गेलं आहे का, हे तपासण्याची आपल्या प्रयोगशाळांची तयारी

स. न. वि. वि.

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. सरकारी नोकरीची एकतीस वर्षं रक्त, लघवी, थुंकी आणि मलेरियाच्या स्लाइड बघण्यात गेली. घर पालघर जिल्ह्यात, तारापूर अणुवीज केंद्रापासून सोळा किलोमीटरच्या आत. हा सोळाचा आकडा मला नोकरीत असताना एका मॉक ड्रिलमध्ये, म्हणजे आपत्तीच्या तालमीत कळला. केंद्राभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढतात आणि काही झालंच तर त्यातल्या माणसांचं काय करायचं, हे आधी ठरवून ठेवतात. तोवर मी त्या वर्तुळात राहत होतो आणि मला पत्ता नव्हता.

ड्रिल तशी नीट झाली. भोंगा वाजला, दारं-खिडक्या लावून घ्या म्हणून गाडी फिरली, आयोडीनच्या गोळ्या म्हणून खोट्या गोळ्या वाटल्या, बस आल्या. शाळेच्या मैदानात पांढऱ्या झग्यातली माणसं एकेकाच्या अंगावरून मीटर फिरवत होती. मला एका टेबलामागे उभं केलं होतं. टेबलावर ‘प्रयोगशाळा’ असा कागद चिकटवलेला होता. टेबलावर तेवढा कागदच होता.

रांगेतून सुटलेली एक कोळीण मावशी माझ्याकडे आली. म्हणाली, “भाऊ, वरनं बघितलंत ते बरं केलंत. पण श्वासातून, पोटातून आत गेलं असेल ते कसं बघणार?”

मी शेजारच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “त्याचे नमुने मुंबईला जातील.” मी विचारलं, “कशातून?” ते हसले. “तुम्ही आहात ना लॅबवाले!”

संध्याकाळी परत आल्यावर मी स्टोअर उघडून पाहिलं. चोवीस तासांची लघवी गोळा करायचे मोठे कॅन सहा होते. त्यातल्या एकाचं झाकण तडकलेलं. लहान डब्या होत्या दोनशेच्या आसपास, त्याही रोजच्या साखर-प्रोटीनच्या तपासणीच्या. मी बोईसरची वस्ती आठवली, एमआयडीसीत पाळीला येणारे कामगार आठवले. त्या वर्तुळातली माणसं लाखांत मोजावी लागतात. स्टोअरला कुलूप लावलं आणि घरी गेलो. ती मावशी मात्र डोक्यातून गेली नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक घोळ मिटवतो, कारण तो अधिकाऱ्यांच्याही बोलण्यात मी ऐकला आहे. किरणांचा मारा होणं, अंगावर किरणोत्सारी धूळ बसणं आणि ती धूळ शरीराच्या आत जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस शेजारच्याला एक्स-रे देत नाही. मारा झाला आणि संपला. अंगावर धूळ बसलेल्या माणसाचे वरचे कपडे काढून पिशवीत बांधले तरी बहुतेक भाग निघून जातो, उरलेला साबण-पाण्यानं. मैदानातला मीटर हेच बघतो. तिसरी गोष्ट अवघड. आत गेलेलं द्रव्य अवयव निवडून बसतं. आयोडीन गळ्यातल्या थायरॉइडमध्ये, स्ट्रॉन्शियम हाडांत, सीझियम साऱ्या स्नायूंत. त्यातलं काही बाहेरून मोजता येतं, कारण त्यातून निघणारे गॅमा किरण शरीर भेदून बाहेर येतात. त्यासाठी अख्खं शरीर मोजणारी यंत्रं असतात आणि गळ्याशी धरायचा प्रोब असतो. पण प्लुटोनियम, पोलोनियम, स्ट्रॉन्शियम, ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) यांचे किरण असे बाहेर येऊन हाती लागत नाहीत. ते शोधायचे तर लघवीत, कधी शौचात. म्हणजे आमच्या टेबलावर.

लंडनमध्ये २००६ च्या नोव्हेंबरात लिटविनेन्को नावाचा माजी रशियन गुप्तहेर तीन आठवडे रुग्णालयात होता. आधी थॅलियमचा संशय आला. बाहेरून मीटर लावून काही सापडत नव्हतं. शेवटी त्याच्या लघवीतून पोलोनियम-२१० हाती लागलं, तो दिवस त्याच्या आयुष्याचा शेवटचा होता. त्यानंतर ज्या हॉटेलांत, कचेऱ्यांत त्याचा माग सापडला तिथल्या सातशेहून अधिक लोकांच्या लघवीची तपासणी ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनं केली. एका माणसावर झालेल्या विषप्रयोगाला सातशे डब्या लागल्या.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ब्राझीलच्या गोयानियानं. तिथे अणुभट्टी नव्हती. एक बंद पडलेलं खासगी उपचार केंद्र होतं आणि त्यात कॅन्सरवर किरणोपचार करायचं यंत्र तसंच सोडून दिलेलं होतं. १३ सप्टेंबर १९८७ ला दोघांनी त्याचा शिशाचा भाग भंगारासाठी काढून नेला. घरी तो खोलताना आतली कुपी फुटली, मग तो भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ ची भुकटी होती, अंधारात निळी चमकायची. लोकांनी ती हाताळली, अंगाला चोळली, नातेवाइकांना वाटली. माणसं उलट्या करू लागली तेव्हा अन्नातून विषबाधा, एखादा उष्णकटिबंधातला आजार असे तर्क झाले. शेवटी भंगारवाल्याच्या बायकोनं, तिला संशय आला म्हणून, उरलेला ऐवज पिशवीत घालून बसनं आरोग्य खात्याच्या कचेरीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञानं युरेनियम शोधायला वापरतात तो मीटर उसना आणला. कचेरीपासून बराच लांब असतानाच काटा टोकाला गेला. त्याला वाटलं मीटर बिघडला. तो परत गेला आणि दुसरा घेऊन आला. तोही तसाच वागला, तेव्हा खरं काय ते कळलं. तारीख होती २९ सप्टेंबर. सोळा दिवस गेले होते, आणि शहाणी ठरली ती भंगारवाल्याची बायको. ती वाचली नाही.

मग शहर लोटलं. ऑलिंपिक स्टेडियममध्ये रांगा लागल्या. १,१२,०००हून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यात दूषण सापडलं २४९ जणांमध्ये, आणि त्यातल्याही निम्म्याहून जास्त जणांच्या शरीराच्या आत. मृत्यू चार. ४६ जणांना प्रशियन ब्लू दिलं. आम्ही तंत्रज्ञ अस्थिमज्जेतलं लोह पाहायला जो निळा रंग स्लाइडवर आणतो, तेच द्रव्य. ते आतड्यात सीझियमला पकडतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं सीझियम निम्मं व्हायला एरवी सुमारे ११० दिवस लागतात, या औषधानं तो काळ सुमारे ३० दिवसांवर येतो. पण ते कुणाला द्यायचं, किती दिवस द्यायचं, कधी थांबवायचं, हे लघवी आणि शौच मोजत राहिल्याशिवाय ठरत नाही. औषध कपाटात आहे आणि मोजायची सोय नाही, तर डॉक्टरनं अंदाजानं द्यायचं का?

आता त्या दोन आकड्यांकडे पुन्हा बघा. एक लाख बारा हजार आणि दोनशे एकोणपन्नास. हजारातल्या सुमारे नऊशे अठ्ठ्याण्णव माणसांना ‘तुम्हाला काही नाही’ एवढंच सांगायचं होतं. पण ते मोजून सांगावं लागलं, तोंडी सांगून भागलं नाही. लोकांना ‘दूषित नाही’ अशी प्रमाणपत्रं द्यावी लागली, कारण गोयानियाचा माणूस म्हटलं की बाहेरगावी लोक दार लावून घेत. मेलेल्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या अंत्ययात्रेवर दगड पडले. आमच्याकडे हे होणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी २०२० चे दिवस आठवावेत. तेव्हा स्मशानांत काय झालं ते आपण पाहिलं आहे. आणि उद्या तारापूर-चिंचणीच्या मुलीला स्थळ येताना ‘ही त्या वर्तुळातली ना?’ असं विचारलं जाणार नाही, याची हमी कोण देईल? हातात स्वच्छ रिपोर्ट असेल तर निदान बोलायला काही राहतं.

जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११ च्या अणुअपघातानं वेगळा धडा दिला, घड्याळाचा. अपघाताच्या वेळी कारभार जिथून चालायचा ते आपत्कालीन केंद्र अणुवीज केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर ओकुमा गावात होतं. भूकंपानं वीज गेली, संपर्क तुटला, किरणोत्सर्ग वाढला आणि चारच दिवसांत ते केंद्र सोडून सगळ्यांना फुकुशिमा शहरात जावं लागलं. मोजणारी माणसं आणि मोजायची साधनं धोक्याच्या जागेला खेटून ठेवली की असं होतं. लहान मुलांच्या थायरॉइडचं मोजमाप मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झालं, १,०८० मुलांचं, साध्या हातातल्या मीटरनं. एकाही मुलाचा आकडा ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला नाही, हे चांगलंच. पण लाखो माणसांच्या वस्तीतली ही हजार मुलं. अख्खं शरीर मोजणाऱ्या यंत्रासमोर रहिवाशांना बसवायला जूनचा शेवट उजाडला. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. मार्चच्या मध्यात गळ्यात बसलेलं आयोडीन जूनच्या शेवटी नुसत्या त्या हिशेबानंच आठ हजारांतला एक भाग उरतो. ते दिसणारच नाही. ‘माझ्या पोराच्या गळ्यात किती गेलं होतं?’ या तिथल्या कित्येक आयांच्या प्रश्नाला आता कुणीही मोजून उत्तर देऊ शकत नाही, फक्त गणितानं अंदाज बांधू शकतो.

म्हणून करोनाची उपमा इथे अर्धीच लागू पडते. २०२० च्या जानेवारीत देशात करोना तपासणारी एकच प्रयोगशाळा होती, आपली पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. जूनच्या शेवटापर्यंत हजारावर झाल्या. आपण करू शकतो, हे सिद्ध झालं. पण तेव्हा विषाणू सहा महिने थांबून होता, रोज नवे रुग्ण देत होता. आयोडीन सहा महिने थांबत नाही. घटना घडल्यावर उभारलेली प्रयोगशाळा त्याला गाठू शकत नाही.

श्रीमंत देशांची गोष्टही फार वेगळी नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे हिशेब मांडला गेला होता. किरणोत्सारी बॉम्बसारखा प्रकार झाला आणि एक लाख लोकांचे नमुने तपासायचे झाले तर तेव्हाच्या ताकदीनं चार वर्षांहून जास्त काळ लागेल. ज्या तेरा द्रव्यांची सर्वांत जास्त भीती होती, त्यातल्या सहांसाठीच माणसांच्या नमुन्यांवरच्या प्रमाणित पद्धती हाताशी होत्या. हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं जाहीर सभागृहात कबूल केलं, याचं मला जास्त कौतुक वाटलं. आपलाही असा हिशेब कुणीतरी मांडावा.

आता घरच्या गोष्टी.

अणुऊर्जा विभागाला मी नावं ठेवत नाही. उलट, मोजण्याच्या बाबतीत त्यांच्याइतकं जाणकार देशात कुणी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र मुंबईतच आहे, अंतर रेल्वेनं दोन-अडीच तासांचं. तारापूरला पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. ती आसपासचं पाणी, माती, दूध, भाजी, मासळी गोळा करून तपासत असते. अणुवीज केंद्राच्या आत काम करणाऱ्यांची लघवी तर नेमानं तपासली जाते. त्याचा उपयोग काय ते २००९ च्या नोव्हेंबरात कर्नाटकातल्या कैगा केंद्रात दिसलं. कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवीतपासणीत ट्रिटियम जास्त आलं. शोध घेतला तर पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं होतं. पन्नासच्या आसपास माणसं त्यात सापडली. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे की कातडीही ओलांडत नाहीत. अंगावरून हजार वेळा मीटर फिरवला असता तरी काही कळलं नसतं. कळलं ते डबीमुळे, आणि डबी रोजची सवय होती म्हणून. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीतही जड पाणीच आहे.

तर चित्र असं : भिंतीच्या आतल्या माणसाची लघवी तपासली जाते. भिंतीबाहेरचा बोंबील तपासला जातो. बोंबील खाणारा माणूस मात्र त्याच्या स्वतःच्या सरकारी दवाखान्यात गेला तर तिथे त्याची साखर आणि हिमोग्लोबिन तपासलं जातं. एकतीस वर्षांत किरणोत्सारी दूषणासाठी नमुना कसा घ्यायचा, हे सांगणारं एकही परिपत्रक माझ्या टेबलावर आलं नाही. चूक अणुखात्याची म्हणता येत नाही. माणसांचं आरोग्य हे राज्याचं काम आहे आणि राज्य आपण आहात.

आणि प्रश्न एकट्या तारापूरचा नाही. किरणोपचाराची यंत्रं शहरोशहरी आहेत. पाइपांचे जोड तपासणारे लोक किरणोत्सारी इरिडियमचे कॅमेरे गाडीत घालून कारखान्या-कारखान्यांत फिरतात. लासलगावला कांद्यावर किरणांचा मारा करायला किरणोत्सारी कोबाल्ट आहे (त्यानं कांदा किरणोत्सारी होत नाही, घाबरू नका, पण कोबाल्ट तिथे आहे). दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली विद्यापीठातलं जुनं कोबाल्टचं उपकरण लिलावात भंगारात गेलं, भंगारवाले भाजले, एक माणूस गेला. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं आणि त्या पोलादाचा माग काढत लोक महाराष्ट्रातल्या ओतशाळेपर्यंत आले. उद्या जैतापूरचं अणुवीज केंद्र उभं राहिलं तर रत्नागिरीलाही हेच पत्र लिहावं लागेल. तेव्हा ‘आमच्या जिल्ह्यात अणुभट्टी नाही’ ही सबब भंगाराच्या दुकानापाशी संपते.

मी काय मागतो आहे? प्रत्येक तालुक्याला लाखमोलाची यंत्रं मागत नाही. तीस वर्षं सरकारी खरेदी जवळून पाहिली आहे. यंत्र येतं, फीत कापली जाते, अभिकर्मक म्हणजे तपासणीची रसायनं येत नाहीत, वर्षभरानं त्यावर रजिस्टरांचा गठ्ठा बसतो. मला आपल्या सिकलसेलच्या कार्यक्रमासारखं काहीतरी हवं आहे. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की नमुना पुढे जातो आणि पक्कं निदान जिल्ह्याला होतं. पाड्यापाड्यांतून हजारो माणसं आम्ही अशी चाळली. चाळणी गावात, निवाडा वर. हीच रीत इथे लावा.

गावपातळीवर लागतं काय? डब्या, मोठे कॅन, न पुसली जाणारी लेबलं, शीतपेट्या आणि एक पान सूचना. त्या एका पानावर मात्र मी हट्ट धरीन, कारण अख्खी तपासणी तिथेच फसते. माणसाचे कपडे बदलून झाल्याशिवाय, हात धुतल्याशिवाय लघवी घ्यायची नाही. बोटावरचा एक कण डबीत पडला तर आत काहीच गेलेलं नसताना रिपोर्ट भयंकर येईल आणि त्या माणसाला फुकट औषध सुरू होईल. लेबलावर नाव आणि वय लिहून भागणार नाही. नमुना किती वाजता घेतला, आणि घटनेच्या वेळी माणूस कुठे होता, हे लिहायचं. वेळ नसेल तर प्रयोगशाळेनं काढलेल्या बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायच्या एककाच्या) आकड्यावरून आत किती गेलं हे उलटं मोजता येत नाही. आशाताई आणि आरोग्यसेवक हे उत्तम करतील. मलेरियाच्या स्लाइडवर पाड्याचं नाव, तारीख, क्रमांक चुकू न देण्याची त्यांची सवय मी जन्मभर पाहिली आहे.

दुसरी गोष्ट तर आजही आमच्याकडे आहे, फक्त ती या कामाची आहे हे कुणी सांगितलेलं नाही. ज्याच्यावर किरणांचा मोठा मारा झाला आहे, त्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी काही तासांत घसरू लागतात. दर सहा तासांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करत गेलं की घसरणीच्या वेगावरून मारा किती मोठा होता याचा अंदाज येतो. जांभळ्या झाकणाची नळी आणि सेल काउंटर ग्रामीण रुग्णालयातही असतो. तंत्रज्ञाला एवढंच शिकवायचं की नुसती टक्केवारी पाहू नकोस, एकूण पांढऱ्या पेशींशी गुणून खरी संख्या काढ. पहिली उलटी किती वाजता झाली ते विचारून लिही. आणि पहिला रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून माणसाला घरी पाठवू नकोस. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पुरे. गुणसूत्रं पाहून मारा मोजायची पक्की तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होईल. तिला पेशी वाढवायलाच दोन दिवस लागतात आणि तिचं रक्त हेपारिनच्या, म्हणजे हिरव्या झाकणाच्या नळीत घ्यावं लागतं. जांभळ्या नळीत घेतलं तर फुकट जाईल. असल्या बारक्या गोष्टींवर जीव अडतो, साहेब.

मधल्या पायरीवर मोजणारी साधनं लागतील, आणि ती बरीचशी आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक इथल्या ज्या ज्या रुग्णालयांत न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषधांनी तपासणी-उपचार करणारा) विभाग आहे, तिथे थायरॉइड मोजायचा प्रोब किंवा गॅमा कॅमेरा असतो. रोज आयोडीन पाजलेले रुग्ण मोजणारी माणसं तिथे बसलेली आहेत. त्यांची यादी करून, आपत्तीच्या दिवशी दर तासाला किती गळे मोजाल, हे त्यांना आजच विचारून ठेवता येईल. त्याला निविदा लागत नाही, फोन लागतो. खासगी रुग्णालयांशी करार लागेल, तोही घटनेनंतर कुणी करत बसत नाही.

आणि वर एक तरी अशी राज्याची स्वतःची प्रयोगशाळा हवी जिला लघवीतून अल्फा आणि बीटा किरण (शरीराबाहेरून हाती न लागणारे) सोडणारी द्रव्यं वेगळी काढून मोजता येतात. पुण्याला राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे, तारापूरपासून पुरेशी दूर. पद्धती अणुखात्याकडून शिकाव्यात, त्यांनी पाठवलेले परीक्षेचे नमुने वर्षातून ठरावीक वेळा तपासून दाखवावेत, नापास झाल्यास तेही लिहून ठेवावं. अनेक सरकारी दवाखान्यांतल्या तपासण्या आता बाहेरच्या संस्थांकडे दिलेल्या आहेत. त्यांच्या करारात असे नमुने बसतात का? सकाळी मोटारसायकलवरून नमुने न्यायला येणारा तो मुलगा, डबीवर ‘किरणोत्सारी’ लिहिलेलं बघून ती हातात घेईल का? अशा डबीपासून हातमोजे घालून काम करणाऱ्याला जवळजवळ काही धोका नसतो, हे त्याला आधी कुणी सांगितलं असेल तर घेईल. माझे सहकारीसुद्धा सांगितल्याशिवाय घेणार नाहीत. मीही घेतली नसती.

आता ज्या कामाला सर्वात कमी पैसे लागतात आणि जे कुणी करणार नाही अशी मला भीती आहे, ते लिहितो. आज, काहीही झालेलं नसताना, आमच्या लघवीत काय आहे ते मोजून ठेवा. कुणाचाही आकडा शून्य नसतो. प्रत्येक माणसाच्या अंगात जन्मापासून पोटॅशियम-४० असतं, मोठ्या माणसात काही हजार बेकरेल. त्याशिवाय समुद्रातल्या मासळीत निसर्गतःच पोलोनियम-२१० असतं आणि ते खाणाऱ्याच्या शरीरात उतरतं. बिडी-सिगारेटच्या धुरातही ते असतं. म्हणजे वर्षभर सुकट-बोंबील खाणारा, वर बिडी ओढणारा आमचा मच्छीमार आणि पुण्याच्या पेठेतला वरण-भात खाणारा कारकून यांच्या लघवीचे आकडे आजच वेगळे निघतील. घटनेच्या दिवशी पुण्याच्या आकड्याशी ताडून आमच्या कोळीवाड्याला ‘दूषित’ ठरवलं तर? किंवा उलट, खरोखर वाढलेलं ‘हे मासळीमुळे असेल’ म्हणून उडवून लावलं तर? दोन्ही वेळा वाद मिटवायला जुना आकडा लागेल. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरपट्टीच्या काही गावांतून, लोकांच्या संमतीनं, थोडेथोडे नमुने घ्या आणि दर काही वर्षांनी पुन्हा घ्या. बोंबलाचे असे आकडे तारापूरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं साठत आलेले आहेत. माणसांचेही साठू द्या.

रिपोर्ट मराठीत छापा. ‘बेकरेल प्रति लिटर’ याच्यापुढे एका वाक्यात लिहा, हे नेहमीइतकं आहे, जास्त आहे, की उपचार लागेल इतकं आहे. करोनात ‘सीटी व्हॅल्यू’ वाचून घराघरांत डॉक्टर झालेली माणसं आपण पाहिली. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात मिळावा, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी फिरू नये. हे लिहावं लागतं आहे कारण २०२० मध्ये अशा याद्या फिरल्या होत्या.

या सगळ्याची परीक्षा पुढच्या मॉक ड्रिलमध्ये घ्या. या वेळी प्रयोगशाळेच्या टेबलावर कागदाबरोबर डब्याही ठेवा. शंभर माणसांचे खरे नमुने घ्या, खरोखर गाडीत घालून पाठवा आणि पहिला रिपोर्ट गावात परत यायला किती तास लागले ते घड्याळ लावून मोजा. तो आकडा कितीही लाजिरवाणा आला तरी जाहीर करा. आमच्या स्टोअरमधले सहा कॅन आता किती झाले आहेत, तेही त्याच कागदावर कळवा.

मला बोलवा, मी येईन. गुडघे दुखतात पण टेबलामागे उभं राहता येतं. पहिला नमुना माझाच घ्या. जेवणात रोज सुका बोंबील असतो, त्यामुळे आकडा नीटस शून्य येणार नाही. तो आकडा मला आणि त्या मावशीला समजेल असा सांगायची तालीमही आपल्या माणसांना त्याच दिवशी मिळेल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. पालघर